काठीपासून घड्याळापर्यंत

पेण तालुक्यांतील गागोदें हें विनोबांचें जन्मग्राम. १९५१ सालीं, वयाला पंचावन्न वर्षें उलटल्यावर, त्यांनीं भूदानाची पदयात्रा आरंभिली व पुढें तेरा वर्षें ते चालत राहिले. चाल शाबूत असणें हें वार्धक्याचें मोठें भाग्य होय. पेण-रोह्याकडील कित्येक वृद्धांना मात्र पावसाळ्यांत शेवाळलेलें अंगण ओलांडणेंही अवघड जातें.

पडण्यामुळें जगांत दरवर्षीं सुमारें ६,८४,००० माणसें दगावतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वीं या भयावर आधार काठीचाच. १९७० नंतरच्या दशकांत पश्चिम जर्मनींत अंगावर बाळगावयाची हांकेची कळ आली. पण बेशुद्ध मनुष्याला ती दाबतां येईना. २०१८ सालीं ॲपलच्या मनगटी घड्याळानें ही उणीव बरीच भरून काढली. जोराचें पडणें ओळखून, मनुष्य मिनिटभर निश्चल राहिल्यास, तें स्वतःच मदतीसाठीं फोन करतें.

तथापि ही हांक पडल्यानंतरची. पडण्यापूर्वींची सूचना चालींतच असते: गति मंदावते, पावलें विषम पडूं लागतात. कमरेस बांधलेलें लहानसें यंत्र हा फरक टिपूं शकतें. मुंबईस राहणाऱ्या मुलाला ती सूचना पोंचेलही. परंतु अंगणांतील शेवाळ खरवडणारा आणि उंबऱ्याशीं हात देणारा घरांतच असावा लागतो.