मनगटावरचे कंकण

बेळगावहून निपाणीकडे निघालात की वाटेत काकती लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे हे माहेर. जन्म १७७८ चा.

मनगटावर आपण काय काय बांधतो! लग्नात हळकुंडाचे कंकण, श्रावणात राखी, देवाचा गंडा. आपल्या गोव्यात नवरीला चुडा भरतात. पट्टेकऱ्याचे मनगट दांडपट्ट्याच्या लोखंडी मुठीत झाकलेले असे.

तरी भित्र्याला हिणवताना आपण सहज विचारतो, 'बांगड्या भरल्यास का?' मला हे बोलणे खटकते. दत्तक वारस नाकारणाऱ्या कंपनीशी काकतीच्या या लेकीने १८२४ साली झुंज दिली. धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्यात पडला. १८२९ साली बैलहोंगलच्या कैदेत तिने देह ठेवला.

कंकण बांधणे म्हणजे निर्धार करणे, हेही मराठीच. वाचकहो, आपण तेवढेच बोलूया.