टॉलीगंजची हिरवळ

गोल्फ हा खेळ आपल्या मराठी मंडळींच्या विशेष आवडीचा नाही. विटीदांडू आणि क्रिकेट यांवर वाढलेल्या माणसास एका चेंडूमागे तासन् तास पायपीट करण्यात कोणती मौज, असेच वाटावयाचे. तरीही कोलकात्याच्या टॉलीगंज क्लबचे मैदान आपण एकदा इतिहासाच्या दृष्टीने न्याहाळावे. कारण त्या हिरवळीच्या पूर्वकथेत आपल्याही पूर्वजांचा हात गुंतलेला आहे.

आज हा भाग महानगराच्या ऐन गर्दीत आला आहे. अठराव्या शतकात मात्र येथे रसापगला नावाचे खेडे होते. १७७० नंतरच्या दशकात मेजर विल्यम टॉली याने आदिगंगेचा गाळाने भरलेला प्रवाह उपसून नावा चालण्याजोगा केला आणि त्याचेच नाव या परिसरास चिकटले. पुढे जॉन्सन नावाच्या इंग्रज कुटुंबाने येथे निळीची लागवड करून प्रशस्त बंगला बांधला. क्लबची जुनी वास्तू ती हीच.

यानंतरची हकिकत सांगण्यासाठी श्रीरंगपट्टणास जावे लागते. १७९२ साली टिपू सुलतानाविरुद्ध कॉर्नवॉलिस, निजाम आणि मराठे एकत्र उभे होते. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन आपापल्या फौजांसह त्या छावणीत होते. तहान्वये टिपूचे निम्मे राज्य गेले, तीन कोटी तीस लाखांची खंडणी बसली आणि तिच्या फेडीपर्यंत त्याचे दोन अल्पवयीन पुत्र ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन झाले. राज्याच्या वाटणीत पेशव्यांनीही आपला हिस्सा घेतला. १७९९ च्या अखेरच्या युद्धात मराठी फौज उतरली नाही, हे खरे; पण टिपूचे बळ १७९२ मध्येच खचले होते, आणि ते खचविण्यात आपला वाटा लहान नव्हता. टिपू पडल्यावर त्याचे कुटुंब वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. १८०६ मध्ये तेथील शिपायांनी उठाव करताच कंपनीने या राजपुत्रांना दूर बंगालमध्ये हलविले. निळीच्या मळ्यातील बंगला याच कुटुंबाचे निवासस्थान झाला, असे क्लबच्या इतिहासात सांगतात. त्यांतील गुलाम मोहम्मद हा वडील गेले तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. मायदेशी परतणे त्यास लाभले नाही. धर्मतळ्यावरील प्रसिद्ध मशीद त्यानेच १८४२ साली पित्याच्या स्मरणार्थ उभारली. १८७२ मध्ये तो निवर्तला. श्रीरंगपट्टणच्या विजयात कंपनीचे सोबती असलेल्या पेशव्यांच्याही नशिबी १८१८ मध्ये तेच आले. दुसऱ्या बाजीरावास आठ लाखांचे वर्षासन देऊन कंपनीने ब्रह्मावर्तास धाडले. मित्र असो वा शत्रू, कंपनीचा शिरस्ता एकच होता!

१८९५ साली विल्यम क्रूकशँक या गृहस्थाने या जागेत क्लब स्थापिला, तो मुख्यतः घोडेस्वारीच्या खेळांसाठी. गोल्फची परंपरा शहरात त्याहून जुनी. १८२९ साली दमदम येथे स्थापन झालेला गोल्फ क्लब ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गणला जातो. पुढे तोही टॉलीगंज भागातच येऊन स्थिरावला. ताग आणि चहाच्या व्यापारात शिरलेल्या स्कॉट मंडळींनी हा खेळ येथे जोपासला. त्यांच्या मायदेशी तो समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत वाढलेला. वाऱ्याशी आणि वाळूशी झुंज हेच तेथील कौशल्य. बंगालच्या सपाट, ओलसर भूमीत टेकड्या कोठून आणाव्यात? ते काम तळ्यांनी आणि जुन्या वृक्षांनी केले. म्हणूनच टॉलीगंजच्या सुमारे शंभर एकरांत बाहुबळापेक्षा नेमका अंदाज उपयोगी पडतो. चेंडू किंचित वाकडा गेला की तो झाडीत हरवावा किंवा पाण्यात बुडावा. पावसाळ्यात जमीन इतकी मऊ होते की चेंडू पडल्या जागी रुतून बसतो. अठराही होल पुरे करणारा खेळाडू जुन्या बागेचा, बंगल्याचा आणि तळ्यांचा जणू फेराच घालून येतो. सोबतीच्या कॅडीस मात्र प्रत्येक झाड ओळखीचे असते.

निर्वासित राजपुत्रांच्या येथील वास्तव्याचा उल्लेख करणारे खेळाडू विरळाच. भिंतीबाहेर मात्र तो टिकून आहे. गोल्फ क्लब रोड, गोल्फ ग्रीन, गोल्फ गार्डन्स ही नावे आणि प्रिन्स अन्वर शाह रोड, प्रिन्स गुलाम मोहम्मद शाह रोड ही नावे त्या भागात एकमेकांस खेटून नांदतात. पत्ता सांगताना टॅक्सीवाल्यास बहुधा दोन्ही सांगावी लागतात.