निळ्या डागाचा माग

ग्वायकम या झाडाचं लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. पुढे ते जहाजांच्या बेअरिंगांना आणि ब्रिटिश पोलिसांच्या दंडुक्यांना उपयोगी पडलं. पण सोळाव्या शतकात कॅरिबियन बेटांवरून ते युरोपात आलं ते औषध म्हणून. सिफिलिसवरचा रामबाण उपाय, अशी त्याची ख्याती होती. उलरिश फॉन हुटेन या जर्मन सरदार-लेखकाने १५१९ मध्ये त्याच्या गुणांवर पुस्तकच लिहिलं, आपण बरे झालो अशी ग्वाही दिली आणि चारच वर्षांत तो त्याच रोगाने गेला. औषध म्हणून या झाडाची पत पुढे उतरली. त्याच्या राळेचा एक गुण मात्र शिल्लक राहिला. रक्त आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या संगतीत ती निळी पडते.

या निळाईचा पहिला उपयोग डॉक्टरांपेक्षा पोलिसांना झाला. कापडावरचा डाग रक्ताचा की गंजाचा, हे ठरवण्यासाठी १८६० च्या दशकात डच शास्त्रज्ञ इझाक व्हान डेन यांनी सुचवलेली चाचणी वापरली जाई. ती फारशी भरवशाची नव्हती. १८८७ मध्ये वाचकांपुढे प्रथमच आलेला शेरलॉक होम्ससुद्धा तिला नावं ठेवतो.

पोटाच्या विकारांकडे ती वळवली बर्लिनच्या इस्मार बोआस यांनी. पचनसंस्थेच्या रोगांना वाहिलेलं पहिलं नियतकालिक काढणारे हेच गृहस्थ. १९०१ मध्ये त्यांनी दाखवलं की पोटातल्या किंवा आतड्यातल्या गाठीतून थेंब-थेंब रक्त झिरपत असतं. शौचाचा रंग नेहमीचाच दिसतो, पण रसायनाला ते सापडतं. ‘गुप्त रक्तस्राव’ ही कल्पना त्यांचीच. बोआस ज्यू होते. नाझी राजवटीत ते व्हिएन्नाला गेले आणि १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रियाही गिळल्यावर त्यांनी आत्महत्या केली.

चाचणी हाती होती, तरी ती साठ-सत्तर वर्षं बहुतेक दवाखान्यातच अडकून पडली. ठणठणीत माणूस आपली शौच डबीत भरून डॉक्टरकडे का नेईल? या साऱ्या इतिहासात रसायनशास्त्राहून मोठा अडसर किळसेचा आहे. तो पहिल्यांदा हलवला अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराच्या डेव्हिड ग्रेगर यांनी. १९६७ मध्ये त्यांनी मांडलेली युक्ती साधी होती: ग्वायकम लावलेल्या कागदाचं कार्ड पेशंटने घरी न्यायचं, लाकडी काडीने त्यावर शौच पातळ फासायची, झाकण बंद करून कार्ड परत द्यायचं. तीन दिवस, रोज दोन ठिकाणचे नमुने. दवाखान्यात कार्डाच्या पाठीमागून द्रावणाचे थेंब टाकले की मिनिटभरात कडेने निळा डाग उमटे, किंवा उमटत नसे. पथ्यही होतं. तांबडं मांस वर्ज्य, आणि मुळा तर नकोच. त्यातलं पेरॉक्सिडेज हे द्रव्य रक्ताची बतावणी करतं. मुळ्याची कोशिंबीर आवडीने खाणाऱ्याला त्यापायी कर्करोगाची धास्ती बसायची. उलट क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी खरं रक्तही लपून जाई.

अशा कार्डाने जीव वाचतात का, याची परीक्षा मिनेसोटात झाली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात ५० ते ८० वयाचे ४६,५५१ लोक होते. १९९३ चा निकाल असा, की दरवर्षी चाचणी करणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तेरा वर्षांत ३३ टक्क्यांनी घटले. मात्र तिथे बहुतेक कार्डांवर आधी पाण्याचा थेंब टाकत. त्याने चाचणी तिखट झाली आणि ‘पॉझिटिव्ह’ निकाल २.४ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर गेले. एवढ्या लोकांची दुर्बिणीने तपासणी केल्यावर काही गाठी निव्वळ योगायोगानेही हाती लागल्या असणार, असं टीकाकार म्हणाले. मुद्दा अगदीच खोटा नव्हता. तरी १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमधल्या फ्यूनच्या अभ्यासांत, तेही कोरड्या कार्डांवर आणि दोन वर्षांतून एकदाच चाचणी करून, मृत्यू १५ आणि १८ टक्क्यांनी कमी भरले.

जपानने झाडाची राळ बाजूलाच ठेवली. मानवी हिमोग्लोबिन नेमकं ओळखणाऱ्या प्रतिपिंडांवरची चाचणी तिथे रुजली आणि १९९२ पासून चाळिशी ओलांडलेल्यांसाठी ती राष्ट्रीय कार्यक्रमात आली. मांस खा, मुळा खा, फरक पडत नाही. शिवाय जठरातून आलेलं रक्त वाटेतच पचतं, म्हणून सापडलेलं रक्त बहुधा मोठ्या आतड्याचंच असतं. शौचाचा नमुना देणं तिथे अगदीच नवखं नव्हतं. युद्धानंतर जंतांचा सुळसुळाट असताना तिथली मुलं काड्यापेटीत शौच घालून वर्गात नेत असत.

नमुना देणं सोपं झालं की लोक पुढे येतात, हे ब्रिटनमध्ये आकड्यांत दिसलं. इंग्लंडने २००६ मध्ये कार्डं टपालाने घरोघरी धाडायला सुरुवात केली. स्कॉटलंडने पुढच्या वर्षी. २०१७ मध्ये स्कॉटलंडने जपानी धर्तीची चाचणी घेतली. आता तीन दिवसांची फासाफास नाही. खाचा असलेली काडी एकदा शौचात टोचायची, बाटलीत खुपसायची, झाकण लावायचं. सहभाग सुमारे ५६ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर गेला. इतर बाबतींतही चाचणी सरस होती हे खरं, पण लोक वाढले ते काम सोपं झाल्याने.

त्यानंतरची मजल अमेरिकेत मारली गेली. २०१४ मध्ये तिथे मान्यता मिळालेली कोलोगार्ड ही चाचणी रक्ताबरोबर गाठीच्या पेशींमधले डीएनएचे बदलही शोधते. सुमारे दहा हजार लोकांच्या अभ्यासात तिने ९२ टक्के कर्करोग पकडले, नुसत्या प्रतिपिंडाच्या चाचणीने ७४ टक्के. निरोगी माणसाला विनाकारण घाबरवण्याचं प्रमाणही तिचं जास्त. आणि तंत्र इतकं पुढे गेलं तरी नमुना देण्याची रीत मागे गेली: कमोडवर बसवलेल्या डब्यात सगळी शौच धरायची, तिच्यावर द्रावण ओतायचं आणि खोकं कुरियरने प्रयोगशाळेला पाठवायचं.