दुहेरी बॅटरी जोडणी (लहान बोटीवरील)

दुहेरी बॅटरी जोडणी : लहान यांत्रिक बोटीवर इंजिन सुरू करण्यासाठी एक आणि दिवे, पाणी उपसण्याचा पंप, मोबाइल चार्जिंग अशा इतर कामांसाठी दुसरी, अशा दोन बॅटऱ्या बसवून केलेली जोडणी. चार्जिंगच्या वेळी दोन्ही भराव्यात, पण वापराच्या वेळी एकीचा खर्च दुसरीवर पडू नये, हे तिचे मुख्य तत्त्व. पहिलीला सेल्फची किंवा स्टार्टर बॅटरी आणि दुसरीला वापराची किंवा घरगुती बॅटरी म्हणतात. रात्रभर दिवे जळाले, पंप चालला, तरी सकाळी किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले पाहिजे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप असतो.

शिरूर-दौंड परिसर
ही नोंद पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांतील बोटी डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. शिरूर तालुक्यात घोड आणि भीमा, तर दौंड तालुक्यात भीमा आणि मुळा-मुठा या नद्या वाहतात. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. घोड नदीवर चिंचणी येथे धरण आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा पाणफुगवटा दौंड तालुक्याच्या पूर्व भागापर्यंत येतो. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी असून पुणे, सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांतील गावे या पाण्याच्या काठावर आहेत. तेथे मासेमारी चालते, अल्याड-पल्याडच्या गावांची ये-जा होते आणि हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना भिगवण परिसरात होडीतून फिरवले जाते.

दौंड आणि शिरूरमध्ये ‘बोट’ हा शब्द वाळूउपशाच्या संदर्भातही वारंवार कानी पडतो. सक्शन पंप बसवलेल्या अशा बेकायदा बोटी महसूल व पोलीस पथके जिलेटिनने उडवून देतात. प्रस्तुत नोंद मासेमारी, प्रवासी वाहतूक, पक्षिनिरीक्षण व पूरबचाव यांसाठीच्या बोटींपुरती आहे.

या भागातील अनेक होड्या आजही वल्ह्यांवर चालतात. काहींना दोरी ओढून सुरू होणारे छोटे इंजिन असते. अशा होडीला दिव्यापुरती एक बॅटरी पुरते. ज्या इंजिनाला सेल्फ आहे आणि ज्या बोटीवर दिवे वा पंप तासन्‌तास चालतात, तिथे दुहेरी जोडणीची खरी गरज पडते.

गरज
सेल्फ मारताना बॅटरीतून प्रवाह खूप मोठा जातो, पण अगदी थोडा वेळ. १५० अँपिअर प्रवाह ३ सेकंद गेला तर खर्च होतो जेमतेम ०.१२५ अँपिअर-तास. उलट २ अँपिअर घेणारे दिवे १० तास जळाले तर २० अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे बॅटरी उतरवणारा सेल्फ नसतो, ती बिनबोभाट उतरवतात ते दिवे. रात्री जाळ्याजवळ दिवा लावून बसलेल्या माणसाला प्रकाश मंदावेपर्यंत हे कळत नाही, आणि तोवर सेल्फ उचलेल एवढा जोर बॅटरीत उरलेला नसतो.

रस्त्यावर गाडी बंद पडली तर धक्का मारता येतो, ट्रॅक्टरला टोचन लावता येते. पाण्यात ही सोय नाही. इंजिन बंद पडलेली बोट वाऱ्याला आडवी होते आणि लाटा तिच्या कुशीवर आदळू लागतात. उजनीसारख्या रुंद जलाशयात वळिवाचा वारा किती थोड्या वेळात पाणी खवळवतो, हे २१ मे २०२४ रोजी दिसले. करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेला वादळ कारणीभूत होते, बॅटरीशी तिचा संबंध नव्हता. तरीही असे वारे सुटण्याआधी काठ गाठायचा तर इंजिन पहिल्या सेल्फला सुरू व्हावे लागते, हा धडा त्यातून प्रत्येक बोटवाल्याने घ्यावा.

पूरबचावाच्या बोटींची अडचण वेगळी. त्या वर्षातले बरेच महिने उभ्या असतात. वरच्या धरणांतून पाणी सुटते, दौंडच्या विसर्गाचे आकडे चढू लागतात आणि मग बोट एकाएकी लागते. लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी दर महिन्याला थोडीथोडी उतरत जाते, उन्हाळ्यात अधिक वेगाने. म्हणून अशा बोटीची सेल्फची बॅटरी वेगळी राखून वेळोवेळी भरून ठेवणे हा पूरसज्जतेचाच भाग आहे.

बॅटरीचे प्रकार
सेल्फच्या बॅटरीत पातळ आणि संख्येने जास्त पट्ट्या असतात. त्यामुळे क्षणात मोठा प्रवाह मिळतो, पण ती वारंवार खोलवर उतरवली तर लवकर खराब होते. वापराच्या बॅटरीत पट्ट्या जाड असतात आणि ती थोडा प्रवाह बराच वेळ देते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी याच जातीची. मात्र ती उंच, जड आणि पातळ आम्लाने भरलेली असते. हेलकावणाऱ्या छोट्या बोटीत आम्ल सांडू न देणारी सीलबंद बॅटरी बरी.

वापराच्या बॅटरीची क्षमता हिशेबाने ठरवावी. दिवे ८, शोधदिवा ७, पंप ३ आणि मोबाइल ३ असा रात्रीचा खर्च २१ अँपिअर-तास धरला, तर लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही या नियमाने किमान ४२ अँपिअर-तास लागतात. जुनी होत जाणारी बॅटरी लक्षात घेऊन ६० ची घ्यावी.

जोडणीच्या पद्धती
१. हाती स्विच : ‘१’, ‘२’, ‘दोन्ही’ आणि ‘बंद’ अशा चार जागांचा फिरता स्विच. स्वस्त आणि समजायला सोपा. पण त्याची सगळी मदार माणसाच्या आठवणीवर असते. काठावर उतरताना स्विच ‘दोन्ही’वर राहिला तर दोन्ही बॅटऱ्या एकदमच उतरतात. इंजिन चालू असताना तो ‘बंद’वर नेल्यास अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

२. व्होल्टेज पाहून चालणारा रिले : इंजिन सुरू होऊन सेल्फच्या बॅटरीचा दाब साधारण १३.३ व्होल्टवर गेला की हा रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो. इंजिन थांबून दाब १२.८ च्या आसपास उतरला की त्या तोडतो. आकडे बनावटीप्रमाणे थोडे बदलतात. विसराळूपणाला येथे वाव नाही. लहान बोटीसाठी ही सर्वांत सोयीची पद्धत. सोबत दोन स्वतंत्र चालू-बंद स्विच आणि अडचणीच्या वेळी बॅटऱ्या हाताने जोडणारा तिसरा स्विच ठेवतात.

३. डायोड आयसोलेटर : हा प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. साध्या डायोडवर ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्ची पडतात, त्यामुळे बॅटऱ्या पूर्ण भरत नाहीत.

४. डीसी-डीसी चार्जर : वापराची बॅटरी लिथियमची असेल तर हाच घ्यावा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी विश्रांतीतही १३.२ व्होल्टच्या आसपास असते, त्यामुळे साधा रिले इंजिन थांबल्यावरही सुटत नाही.

दोन बॅटऱ्यांचे प्लस-प्लस आणि मायनस-मायनस कायमचे जोडून टाकणे म्हणजे दुहेरी जोडणी नव्हे. ती फक्त एक मोठी बॅटरी होते. दोहोंतली एक सदोष निघाली तर ती दुसरीलाही ओढून बसवते.

तारा, फ्यूज आणि परतीचा मार्ग
ट्रॅक्टर व जीपचे काम करणाऱ्या मिस्त्रींना मायनस थेट बॉडीला देण्याची सवय असते. बोटीत ती चालत नाही. लाकूड व फायबर वीज वाहून नेत नाहीत, आणि लोखंडी वा ॲल्युमिनियमच्या बोटीत सांगाड्यातून प्रवाह परत नेला तर पाण्याखालचा धातू झपाट्याने झिजतो. म्हणून प्रत्येक उपकरणाला जाणारी व येणारी अशा दोन तारा हव्यात. सर्व मायनस तारा तांब्याच्या एका सामाईक पट्टीवर आणाव्यात आणि ती पट्टी दोन्ही बॅटऱ्यांच्या मायनसला जोडावी. वेगळे ठेवायचे ते प्लस.

तारेची जाडी अंतर पाहून ठरते, आणि अंतर जाऊन-येऊन मोजायचे. बॅटरीपासून ४ मीटरवर ५ अँपिअरचा पंप असेल तर तार ८ मीटर. २.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेत सुमारे ०.२८ व्होल्ट घटतात, म्हणजे सव्वादोन टक्के. १ चौरस मिमी तार वापरली तर ०.७ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ सहा टक्के घट येते आणि पंप मंदावतो. पंप व दिशादर्शक दिवे यांसाठी तीन टक्क्यांपर्यंतची घट योग्य मानली जाते. कथिलाचा मुलामा दिलेली बहुतारी केबल ओलाव्यात अधिक टिकते. टोकांना थिंबल दाबयंत्राने घट्ट बसवावे. नुसती पिळून टेप गुंडाळलेली तार बोटीच्या थरथरीने सैल होते.

फ्यूज तारेला वाचवतो, म्हणून तो तारेच्या क्षमतेप्रमाणे निवडावा आणि बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ ठेवावा. अमेरिकेतील बोटबांधणीच्या प्रचलित मानकात हे अंतर सर्वसाधारणपणे ७ इंच आहे. सेल्फच्या मुख्य केबलला त्यातून सूट असते. रिलेतून दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या तारेच्या दोन्ही टोकांना बॅटरी असते, त्यामुळे फ्यूजही दोन्ही टोकांना लागतो. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाची तार मुख्य स्विचच्या आधी, स्वतःचा फ्यूज देऊन, थेट वापराच्या बॅटरीवर घ्यावी. सगळे बंद करून माणसे घरी गेल्यावरही तरंगता स्विच उचलला की पंप चालला पाहिजे.

जोडणीचा क्रम
आधी बॅटऱ्या पेटीत ठेवून पट्ट्याने आवळाव्यात. जागा खाली आणि मध्याजवळची असावी, कारण एका बाजूला ठेवलेले वजन लहान बोट कलती करते. मग सामाईक पट्टी, स्विच, रिले व फ्यूजधारक पाणी न लागणाऱ्या उंचीवर बसवून तारा ओढाव्यात. बॅटरीची टोके सर्वांत शेवटी जोडायची : आधी प्लस, मग मायनस. सोडवताना आधी मायनस. असे केल्याने पान्हा चुकून धातूला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

काम झाल्यावर मीटर लावून तपासावे. इंजिन बंद ठेवून सर्व दिवे अर्धा तास लावावेत. सेल्फच्या बॅटरीचा दाब जागचा हलता कामा नये. मग सेल्फ मारताना तिचा दाब पाहावा. तो १० व्होल्टच्या बराच खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे किंवा जोड सैल आहे. इंजिन चालू झाल्यावर काही वेळाने दोन्ही बॅटऱ्यांवर १३.५ ते १४.४ च्या दरम्यान दाब दिसला की जोडणी बरोबर.

चार्जिंग
लहान बाहेरील इंजिनांचे चार्जिंग अनेकदा १० अँपिअरहूनही कमी असते. ६ अँपिअरने २० अँपिअर-तास भरून काढायला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. काठापासून जाळ्यापर्यंतच्या पंधरा मिनिटांच्या फेरीत ते होत नाही. चार्ज कंट्रोलरसह १०० वॉटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण २५ अँपिअर-तास देते आणि वर हिशेबलेला रात्रीचा खर्च भरून निघतो.

देखभाल व सुरक्षितता
विश्रांतीत असलेल्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे तातडीने भरण्याजोगी. दौंड परिसरात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, म्हणून तिच्यावर सावली हवी. झाकण उघडणाऱ्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, नदीचे किंवा बोअरचे पाणी कधीही नाही. टोके पुसून त्यांवर व्हॅसलीन लावावे.

भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. तो हलका असल्याने पेटीला वरच्या बाजूला हवेची वाट हवी. पेट्रोलची वाफ मात्र जड असते आणि तळाशी साचते. म्हणून टाकीच्या शेजारी स्विच किंवा रिले बसवू नये.

काठ सोडण्यापूर्वी दोन्ही बॅटऱ्यांचा दाब पाहणे, वापराच्या बाजूचा स्विच बंद ठेवून एकदा सेल्फ मारणे आणि जोड हाताने हलवून बघणे, एवढ्याला पाच मिनिटे लागतात. दोन बॅटऱ्या असल्या तरी जीवनरक्षक जाकिटे आणि वल्ही बोटीत असलीच पाहिजेत. वारा सुटण्याची चिन्हे दिसली तर जाळी तशीच सोडून, इंजिन चालू आहे तोवर, काठाकडे वळावे.