महाडचा ठराव, महाडचा दावा

राज्यघटनेचे प्रश्न मुळात कायद्याचे नसून सत्तेचे असतात, अशी मांडणी फर्डिनांड लासाल याने १८६२ साली प्रशियातील श्रोत्यांसमोर केली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) तिचा आधार घेतला. मात्र या मांडणीचा प्रत्यक्ष पाठ त्यांना महाडात आधीच मिळाला होता, असे म्हणावयास हरकत नसावी.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. म्हणजे कागदावर हक्क होता. पाण्याला हात लावण्याची मात्र सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी परिषदेतील प्रतिनिधींनी तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि परतणाऱ्यांवर हल्ले झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला! राज्यसंस्थेचे खरे स्वरूप या माघारीत जितके स्वच्छ दिसते, तितके मूळ ठरावात दिसत नाही.

डिसेंबरच्या परिषदेआधी सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले; त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी या परिषदेचे नाते १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी जोडले. सत्याग्रह मात्र तहकूब झाला.

दाव्याचा निकाल उच्च न्यायालयाकडून लागायला मार्च १९३७ उजाडला. निकाल अस्पृश्यांच्या बाजूने गेला, पण कशाच्या बळावर? बहिष्काराची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्यावर. ती सिद्ध झाली असती तर? समतेचा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. रूढीच्या वयाचा होता.

म्हणूनच घटनेचे तेरावे कलम मला सतराव्याइतकेच महाडचे वाटते. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम सर्वांच्या तोंडी असते. तेरावे रुक्ष, वकिली भाषेतले. पण 'कायदा' या शब्दात ते कायद्याचे बळ असलेल्या रूढींनाही गोवते आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असतील तेथवर त्या शून्यवत ठरविते. रूढी किती जुनी, ही चौकशी तेथे संपते. पंधराव्या कलमात तर विहिरी आणि तलाव यांचा नावानिशी उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत तळे का यावे, असे एखाद्या परदेशी अभ्यासकाला वाटेलही. महाडच्या माणसाला वाटणार नाही.