जबल्पोर, जबलपूर आणि हंटरसाहेबांचा 'ए'

केंद्र सरकारच्या नोकरीत गावोगावचे पाणी प्यावे लागते आणि गावोगावच्या नावांची स्पेलिंगे पाठ करावी लागतात. जबलपूरला माझी नेमणूक झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात जुन्या अभिलेखांच्या खोलीत जाण्याचा योग आला. कपाटांवर 'जे-ए'ने सुरू होणारे जबलपूर होते, आतल्या बस्त्यांवर 'जे-यू'ने सुरू होणारे 'जबल्पोर'. इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेल्या सूचीत एकाच शहराची कागदपत्रे दोन ठिकाणी विभागली गेली होती. एक सूची पाहून 'अभिलेख उपलब्ध नाही' असा शेरा मारणे किती सोपे आहे, हे कोणीही समजू शकेल.

ही बाब केवळ भाषेच्या हौशी अभ्यासकांची नाही. एका सेवानिवृत्त कर्मचाऱ्याच्या विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन सुमारे चौदा महिने अडलेले मी पाहिले आहे. पतीच्या सेवापुस्तकातील जन्मस्थानाचे स्पेलिंग जुने होते, मुलाने काढलेल्या दाखल्यात नवे. संगणकाने दोन वेगळी गावे मानली आणि संगणकासमोर बसलेल्या माणसाने संगणकाचे मानले. ते कार्यालय कोणते हे सांगण्याची गरज नाही, कारण असे कार्यालय प्रत्येक शहरात आहे.

तर मग हे दोन प्रकार आले कोठून? आपल्याकडे सर्वसाधारण समजूत अशी आहे की इंग्रजांना आपली नावे उच्चारता येत नसत, म्हणून त्यांनी ती 'बिघडवली', आणि स्वातंत्र्यानंतर आपण ती 'दुरुस्त' केली. जबलपूरच्या बाबतीत तरी ही समजूत निम्मीच खरी आहे. किंबहुना निम्म्याहूनही थोडी कमी.

जबलपूर इंग्रजांकडे आले ते मराठ्यांकडून. १७८१ मध्ये मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांनी घेतले, पुढे १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला आणि डिसेंबर १८१७ मध्ये तो इंग्रजी फौजेच्या ताब्यात गेला. त्यानंतर 'सागर आणि नर्मदा प्रदेश' म्हणून त्याचा कारभार सुरू झाला. या प्रदेशाच्या नावातच इंग्रजांनी 'सॉगर' आणि 'नर्बुडा' लिहिले. नर्मदेचा हा अवतार पाहून आपल्याला हसू येते. पण त्यातील 'ब' हा इंग्रजांचा शोध नव्हे. लोकांच्या तोंडी 'नर्बदा' हे रूप होतेच, आजही परिक्रमेला निघालेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकू येते. त्याआधी सतराशे वर्षे ग्रीकांनी या नदीला 'नामदोस' केले होते. टॉलेमीच्या भूगोलात ती त्या नावाने आहे.

आता 'जे-यू-बी-बी-यू-एल' या अक्षरांकडे पाहा. हे लिहिणारा माणूस लष्करातला किंवा महसुलातला होता, पंडित नव्हता. त्याने मुन्शीच्या तोंडून 'जबल' ऐकले आणि आपल्या भाषेत तो ऱ्हस्व 'अ' कोठे सापडतो याचा विचार केला. इंग्रजीत तो 'बट', 'कप', 'सन' या शब्दांत सापडतो, आणि तेथे अक्षर असते 'यू'. मागील स्वर ऱ्हस्व ठेवायचा तर पुढचे व्यंजन दुहेरी लिहायचे, हीही इंग्रजीचीच रीत. म्हणजे ज्याला आपण बिघडलेले स्पेलिंग म्हणतो ते, निदान पहिल्या दोन अक्षरांपुरते, इंग्रज वाचकाकडून अचूक 'जबल' वदवून घेणारे होते. शेवटच्या 'पोर'चे समर्थन करता येत नाही. तेथे 'डबल ओ' घालून 'पुअर' लिहिले असते तर उच्चार जवळ गेला असता, पण हिंदुस्थानातील सगळी पुरे कंगाल ठरली असती!

या पद्धतीला शास्त्राचा आधारही होता. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात १८०० पासून हिंदुस्थानी शिकवणारे जॉन गिलख्रिस्ट यांनी ऱ्हस्व 'अ'साठी 'यू', 'ई'साठी 'डबल ई' आणि 'ऊ'साठी 'डबल ओ' अशी व्यवस्था बसवली होती. पूना, पंजाब, कानपूर, लखनौ यांची जुनी स्पेलिंगे याच कानाने लिहिण्याच्या वळणाची. आपल्याला परिचित असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१५ साली काबूलच्या राज्यावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांनी 'सी-ए-यू-बी-यू-एल' असे लिहिले. पहिला स्वर दीर्घ आणि आघातही त्यावरच, असे ते स्पेलिंग वाचकाला न विचारता सांगते. आज 'के-ए'ने सुरू होणारे काबूल वाचून इंग्रजी वृत्तनिवेदकांपैकी काही 'कबूल' म्हणतात, काही 'कॉबल'. काय कबूल केले हे मात्र समजत नाही.

दुसरी परंपरा पंडितांची. सर विल्यम जोन्स यांनी १७८८ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या पहिल्याच खंडात आशियाई शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत यावर निबंध लिहिला. व्यंजने इंग्रजीप्रमाणे आणि स्वर इटालियनप्रमाणे, असे त्या वळणाचे थोडक्यात वर्णन करता येईल. 'अ'साठी साधा 'ए', 'आ'साठी खूण केलेला 'ए'. १८३० च्या दशकात चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. पण तिला सरकारी मोहोर लागली ती विल्यम विल्सन हंटर यांच्यामुळे. लॉर्ड मेयो यांनी साऱ्या देशाच्या सांख्यिकी पाहणीचे काम त्यांच्याकडे सोपवले होते, आणि गावांची नावे एकसारखी लिहिल्याशिवाय तक्ते जुळणार नाहीत हे त्यांच्या लगेच लक्षात आले. १८७१ मध्ये त्यांनी भारतीय विशेषनामांच्या लेखनाची मार्गदर्शिका काढली. जबलपूर 'ए'ने लिहिले जाऊ लागले ते या शिस्तीमुळे, स्वातंत्र्यामुळे नव्हे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. जोन्स आणि हंटर यांची पद्धत एक 'मानक' होती. मानकाचा फायदा सगळ्यांना मिळतो, पण ते शिकण्याचा खर्च प्रत्येकाला स्वतः करावा लागतो. गिलख्रिस्टच्या वळणात खर्च लिहिणाऱ्याने केलेला होता, वाचणाऱ्याला काही शिकावे लागत नसे. हंटर यांच्या वळणात तो खर्च वाचणाऱ्यावर ढकलला गेला, आणि बहुसंख्य वाचकांनी तो केलाच नाही. परिणामी नियमाने शुद्ध असलेले 'ए'चे जबलपूर पाहून लंडनचा वाचक 'जॅबलपूर' किंवा 'जाबलपूर' म्हणू लागला. लेखन शुद्ध झाले आणि उच्चार अशुद्ध झाला.

त्यातही एक तडजोड होतीच. फार रूढ झालेली नावे, म्हणजे बॉम्बे, कॅलकटा यांसारखी, जुन्याच रूपात ठेवावीत असे सरकारने ठरवले. जबलपूर या सीमारेषेवर लटकत राहिले. मार्च १८७० मध्ये मुंबईहून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे यांचा येथेच सांधा जुळला, आणि वेळापत्रकांतून 'यू'चे जबलपूर जगभर गेले. म्हणून १९०८ च्या इंपीरियल गॅझेटिअरमध्ये, म्हणजे हंटर यांनीच सुरू केलेल्या ग्रंथमालेच्या नव्या आवृत्तीत, ते 'यू'नेच आले. १९११ च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातही नोंद 'यू'खालीच आहे. रेल्वेचा स्थानक-संकेत 'जे-बी-पी' असा आहे. त्यात स्वरच नसल्याने तो दोन्ही पक्षांना चालतो. इतका निरुपद्रवी सरकारी निर्णय क्वचितच पाहायला मिळतो.

हंटर पद्धतीचा खरा दोष पुढे उघड झाला. तिचा सारा भर स्वरांवरच्या खुणांवर होता, व्यंजनांखालची टिंबे तिच्यात नव्हती. स्वरांवरच्या खुणाही छापखान्यांनी गाळल्या, टंकलेखन यंत्रांवर त्या नव्हत्याच. टिंब नसले की 'ठ' आणि 'थ' एक, 'ट' आणि 'त' एक, 'ळ' आणि 'ल' एक. जबलपूरशी जोडलेला 'ठग' हा शब्द पाहा. कॅप्टन, पुढे मेजर जनरल, विल्यम स्लीमन यांनी ठगांविरुद्धची मोहीम येथून चालवली आणि १८३६ मध्ये त्यांच्या सांकेतिक भाषेचा कोश काढला. तो शब्द इंग्रजीत गेला तो 'टी-एच'सह, आणि इंग्रज तो 'थिंक'मधल्या 'थ'ने उच्चारू लागले. आज अमेरिकेतला माणूस कोणाला 'थग' म्हणतो तेव्हा आपण जबलपूर परिसरातला शब्द वापरतो आहोत याची त्याला कल्पना नसते. तीच गत ठाण्याची. 'थाना' असे जुने स्पेलिंग होते तोवर निदान दोन अक्षरे ऐकू येत. आता शेवटी 'ई' आल्यावर परदेशी वाचकाला मॅकबेथमधला सरदार आठवतो आणि तो 'थेन' म्हणून मोकळा होतो. १९७८ मध्ये पूनाचे पुणे झाले. आपल्या दृष्टीने योग्यच झाले, पण इंग्रजी डोळ्याला ते 'ट्यून'च्या जातीचे दिसते.

याच्या उलट आजारही आहे. परदेशी नाव आहे म्हणजे ते परदेशीच वाटले पाहिजे, या भावनेने सुशिक्षित इंग्रज 'पंजाब'चा 'पूंजाब' करतो. ज्या 'यू'ची योजना त्याच्याच पूर्वजांनी 'अ'साठी केली होती, त्याचा तो 'ऊ' करतो. चीनने १९७९ पासून परदेशांसाठीच्या प्रकाशनांत पेकिंगऐवजी बीजिंग लिहायला सुरुवात केली. त्यातला 'ज' आपण मराठीत जवळजवळ बरोबर म्हणतो, इंग्रजी भाषक मात्र त्याला फ्रेंच वळण देतात.

आपणही या बाबतीत धुतल्या तांदळासारखे नाही. पोर्तुगीजांच्या तोंडचा 'इंग्लेझ' ऐकून आपण 'इंग्रज' केला, त्यांच्याच 'ओलांदेझ'चा 'वलंदेज' केला. फ्रेंच 'फरासीस' झाले, डेन्मार्कचे लोक 'डिंगमार' झाले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ही मंडळी याच नावांनी टोपीकर म्हणून हजर आहेत. म्हणजे युरोपातल्या राष्ट्रांची नावे आपण त्या त्या राष्ट्राकडून घेतली नाहीत, किनाऱ्यावर आधी आलेल्याकडून घेतली. १७७९ मध्ये कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट 'इष्टुर फाकडा' झाला आणि वडगावात त्याचे स्थान पुजले गेले. कोणाही इंग्रजाने आपल्या नावाची विटंबना झाली अशी तक्रार केल्याचे माझ्या वाचनात नाही. उलट 'मऱ्हाठा' शब्दाचे त्यांनी 'एच' घालून 'म्हराटा' केले, तर लोकमान्यांनी १८८१ मध्ये काढलेल्या इंग्रजी साप्ताहिकाला तेच स्पेलिंग निःसंकोचपणे दिले.

येथल्या मराठी वस्तीतही हा खेळ चालूच आहे. दोनशे वर्षे येथे राहिलेल्या घरांतील 'काळे' हिंदीत 'काले' होतात, कारण शेजाऱ्याला 'ळ' नाही. इंग्रजीत लिहिले की 'केल' होतात. तिसऱ्या पिढीतला मुलगा फोनवर स्वतःच 'मैं काले बोल रहा हूँ' म्हणतो. याला भ्रष्टता म्हणावे असे मला वाटत नाही. नेपियर टाउन, राइट टाउन, रसल चौक ही साहेबी नावे जबलपूरकर हिंदीच्या वळणाने घेतो, आणि त्यातही 'राइट'मधला मूक 'डब्ल्यू' त्याने केव्हाच निकालात काढला आहे.

मात्र काही ठिकाणी जुने स्पेलिंग बदलण्याचा अधिकार कोणालाच नाही. स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूरच्या टेकडीवर प्रचंड हाडे सापडली. ती डायनोसॉरची निघाली. याच परिसरातील जीवाश्मांवरून फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी १९३३ मध्ये एका प्राण्याला 'जबल्पुरिया' हे नाव दिले, तेही 'यू'ने. प्राणिशास्त्राच्या नियमानुसार एकदा रीतसर दिलेले नाव शहराने स्पेलिंग बदलले म्हणून बदलत नाही. उलट २००३ मध्ये गुजरातेतील अवशेषांवरून 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हे नाव दिले गेले तेव्हा नदी पूर्ण 'नर्मदा' झालेली होती. आणि 'नर्बुडा'? ते नाव तैवानच्या इतिहासात कायमचे राहिले आहे. पहिल्या अफूयुद्धात, सप्टेंबर १८४१ मध्ये, या नावाचे वाहतुकीचे जहाज तेथे फुटले. गोरे लोक होड्यांतून निसटले, मागे राहिलेले हिंदी खलाशी व नोकर पकडले गेले आणि ऑगस्ट १८४२ मध्ये त्यांतील बहुतेकांचा शिरच्छेद झाला. त्यांच्यापैकी कोणाचा माग आज कोणाला काढायचा असेल तर 'नर्मदा' शोधून काहीही हाती लागणार नाही.

२०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक मिळाला आहे. नवीन नोंदींचा प्रश्न त्यामुळे बराच सुटतो, जुन्यांचा सुटत नाही. आमच्या अभिलेख कक्षात सूचीच्या पहिल्या पानावर जबलपूरची आजवर आढळलेली सर्व स्पेलिंगे एकाखाली एक लिहून चिकटवली आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येकाखाली शोध घेतल्याशिवाय 'उपलब्ध नाही' असा शेरा कोणी मारायचा नाही, असा लेखी आदेश काढला आहे. यादी अकरावर गेली आहे. अकरावे स्पेलिंग एका शिपायाने शोधून आणले. त्यात 'पूर'साठी खरोखरच 'डबल ओ' आहे.