इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळाची जन्मकथा

मराठी शाळेंतला विद्यार्थी ‘मीं त्याला काल पाहिलें आहे’ या वाक्याचें इंग्रजी भाषांतर करावयास बसला, म्हणजे ‘आय हॅव्ह सीन हिम यस्टर्डे’ असें लिहून मोकळा होतो. आणि शिक्षकांची तांबडी शाई तत्काळ त्या ‘हॅव्ह’वर उतरते. ‘काल’ आला कीं ‘हॅव्ह’ गेला, एवढें त्याला पाठ करावें लागतें. परंतु मराठींत जें निर्दोष तेंच इंग्रजींत अशुद्ध कां, हें त्याला सहसा कोणी सांगत नाहीं. त्याचें उत्तर व्याकरणाच्या कोष्टकांत शोधण्यापेक्षां इंग्रजी भाषेच्या इतिहासांत शोधावें हें बरें.

सुमारें हजार-बाराशें वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ‘हॅव्ह’चा मूळ अर्थ ‘जवळ असणें, बाळगणें’ हा होता. ‘माझ्यापाशीं पकडलेला मासा आहे’ अशा धाटणीचीं वाक्यें त्या काळीं प्रचारांत होतीं. ‘पकडलेला’ हें माशाचें विशेषण. आणि माशाच्या लिंग, वचन व विभक्तीप्रमाणें त्याला पुष्कळदां प्रत्यय लागे. मराठी माणसाला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. ‘त्यानें आंबा खाल्ला आहे’, ‘त्यानें पोळी खाल्ली आहे’ या वाक्यांत आपलें क्रियापद आजहि कर्माच्या मागें चालतें. आतां ज्याच्यापाशीं पकडलेला मासा आहे, त्यानेंच तो बहुधा पकडला असणार. या ‘बहुधा’च्या फटींतून नवा अर्थ आंत शिरला. मालकी मागें पडली, कृति पुढें आली. पुढें इंग्रजीचे बहुतेक प्रत्यय झडून गेले, विशेषण कर्माला सोडून ‘हॅव्ह’च्या शेजारीं जाऊन बसलें, आणि दोन स्वतंत्र शब्दांचा मिळून एक काळ झाला.

येणें, जाणें अशा गतिवाचक क्रियापदांचा संसार मात्र वेगळा होता. त्यांना ‘हॅव्ह’ नव्हे, तर ‘बी’ म्हणजे ‘असणें’ हें क्रियापद लागे. ‘तो आलेला आहे’ या मराठी रचनेसारखेंच. फ्रेंच व जर्मन भाषांत ही वाटणी अद्याप टिकून आहे. इंग्रजींत ती एकोणिसाव्या शतकापर्यंत रेंगाळली, आणि तिची एक खूण ‘ही इज गॉन’ या प्रयोगांत उरली आहे.

शेक्सपियरच्या काळीं, म्हणजे 1600 च्या सुमारास, हा काळ पुरता रूढ झाला होता, पण आजच्याइतका कडक नव्हता. गतकाळाची निश्चित वेळ सांगणारे शब्द त्याच्याबरोबर अधूनमधून येत, आणि त्यामुळें कोणाचें कांहीं बिघडत नसे. ‘हॅव्ह’ आणि ‘काल’ यांची फारकत पुढील काळांत हळूहळू झाली. तांबड्या शाईचा हा नियम वाटतो तितका पुरातन नाहीं.

व्याकरणकारांची याबाबतींत मोठी तारांबळ उडाली. इंग्रजीचें पहिलें छापील व्याकरण विल्यम बुलोकर यानें 1586 मध्यें प्रसिद्ध केलें. त्यानें व त्याच्या मागून येणाऱ्या अनेकांनीं डोळ्यांसमोर आदर्श ठेवला तो लॅटिनचा. परंतु लॅटिनमध्यें ‘लिहिलें’ आणि ‘लिहिलें आहे’ या दोन्ही अर्थांना एकच रूप पुरतें! इंग्रजींत रूपें दोन. मग ‘हॅव्ह रिटन’ला ‘पूर्ण’ आणि साध्या ‘रोट’ला ‘अपूर्ण’ अशीं नांवें देण्यांत आलीं. लिहून हातावेगळें केलेलें पत्र अपूर्ण कसें, हा प्रश्न पंडितांना फारसा अडला नाहीं. जॉन वॉलिस या गणितज्ञानें 1653 च्या आपल्या व्याकरणांत इंग्रजी क्रियापदाला मूळचे दोनच काळ आहेत असें स्वच्छ सांगितलें. आणि गंमत अशी कीं, तें व्याकरणहि लॅटिनमध्येंच लिहिलें.

या नियमाला शालेय रूप देणाऱ्यांत लिंडली मरे हा प्रमुख होय. हा मूळचा अमेरिकेंतील वकील. इंग्लंडांत यॉर्कजवळ येऊन स्थायिक झाला, आणि तेथील मुलींच्या शाळेसाठीं 1795 मध्यें त्यानें आपलें व्याकरण प्रसिद्ध केलें. कर्ता किंवा त्याची कृति यांपैकीं एक जरी आज विद्यमान असेल, तरी ‘हॅव्ह’ चालेल, असें तो म्हणतो. म्हणून सिसरोनें भाषणें ‘लिहिलीं आहेत’ असें म्हणावें, कारण तीं उपलब्ध आहेत. पण त्यानें कविता ‘लिहिल्या आहेत’ असें म्हणूं नये, कारण त्या नष्ट झाल्या. वस्तुतः सिसरोच्या काव्याच्या कांहीं शें ओळी आजहि उपलब्ध आहेत. शिवाय आजचा इंग्रज वाचक हयात नसलेल्या सिसरोविषयीं सामान्यतः ‘रोट’ असेंच म्हणेल, मग भाषणें असोत कीं कविता.

मरेची दुसरी कसोटी मात्र अधिक टिकाऊ ठरली. ज्या कालखंडाबद्दल बोलावयाचें, त्याचा कांहीं भाग अजून सरावयाचा असला पाहिजे, ही ती कसोटी. मराठींतील ‘आहे’ घडलेल्या गोष्टीची ग्वाही देतें. ती गोष्ट काल घडली कीं दहा वर्षांपूर्वीं, याची तें चौकशी करीत नाहीं. इंग्रजी ‘हॅव्ह’ला मात्र बोलण्याच्या क्षणापर्यंत उघडा राहिलेला काळ लागतो, आणि ‘काल’चें दार तर मध्यरात्रींच लागलेलें असतें. म्हणूनच सकाळीं दहा वाजतां ‘आय हॅव्ह सीन हिम धिस मॉर्निंग’ म्हणणारा लंडनचा गृहस्थ तीच हकीगत दुपारीं चार वाजतां सांगूं लागला, कीं ‘आय सॉ हिम धिस मॉर्निंग’ असें म्हणतो.